धोंडबाची पायली आणि तुडीलची तेजी

धोंडबा मापाऱ्याच्या तोंडून 'एक' हा शब्द महाडच्या बाजारात कोणीही ऐकलेला नव्हता. धान्य मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे, हा रिवाज साऱ्याच मापाऱ्यांचा. लाभ, दोन, तीन असेच माप चढत जाते. परंतु इतर मापारी पायली खाली ठेवली की चारचौघांसारखे बोलू लागत. धोंडबा लागत नसे. दुपारी त्याचा 'लाभ' वाजे. त्याला भाऊ 'लाभ' होता, त्याची दाढ 'लाभ' दुखे, आणि घाटाच्या वाटेवर त्याने वाघ पाहिला तोही 'लाभ'च. त्या वाघाने कोणाची तरी म्हैस नेली होती, म्हणून कचेरीत धोंडबाची जबानी झाली. वाघ किती होते, या प्रश्नाला त्याने नेहमीचे उत्तर दिले. घाटावरून नव्याने आलेल्या कारकुनाने 'साक्षीदारास वाघापासून लाभ झाला' असे लिहून घेतले व खाली धोंडबाचा अंगठा उठवला. तो कागद मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

'माझ्या डोळ्यांनी' हे शब्द मी मुद्दाम लिहितो. धोंडबाविषयी हल्ली जे बोलतात त्यांच्यापैकी एकानेही त्याला पाहिलेले नाही. आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेत बंदरातले बडे व्यापारी केशवशेट, त्यांच्या नातवाने लिहिले की, धोंडबाने मचवेवाल्यांकडून लाच खाल्ली आणि तुडीलची तेजी उठवली. त्याच स्मरणिकेच्या प्रकाशनाला एका निवृत्त मास्तरांनी सांगितले की, धोंडबा अर्धवट होता, त्याला कशातले काही कळत नसे. लाच खायला अक्कल लागते, हे दोघांपैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही. टाळ्या मात्र दोघांनाही पडल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मी उठून उभा राहिलो तेव्हा अध्यक्षांनी आभारप्रदर्शन सुरू केले. तेव्हा जे मला त्या दिवशी बोलू दिले गेले नाही, ते आता लिहून ठेवतो. त्या तेजीत जातीने हजर असलेला, अजून शुद्धीवर असलेला मनुष्य मी एकटाच आहे.

आज औद्योगिक वसाहतीच्या गाड्या भोंगे वाजवत जातात, त्यांतल्या तरुणांना महाड हे बंदर होते असे सांगितले तर ते हसतात. चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन पाच-सहा वर्षे झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. भरतीबरोबर मचवे सावित्रीतून थेट गावाला लागत आणि ओहोटीबरोबर तांदूळ घेऊन बाणकोटमार्गे मुंबईला जात. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतून भाताच्या बैलगाड्या येत. मी चोवीस वर्षांचा होतो. वडील नुकतेच वारले होते, वखार माझ्या हाती आली होती आणि बाजार मला 'धाकले शेट' म्हणत असे. माझ्याइतका धूर्त व्यापारी कोकणात नाही, असे माझे प्रामाणिक मत होते.

बाजारात कोणाचा कोणावर विश्वास नव्हता. त्या काळी रंगूनचा तांदूळ मुंबईत उतरला की आमच्या तांदळाचा भाव बसे, आणि उतरला नाही की उठे. साऱ्या व्यापाराची मान या एका वार्तेत अडकलेली. तार येत असे. परंतु केशवशेट स्वतःच्या नावाने खोट्या तारा मागवतात असा आमचा समज होता, आणि आमच्याविषयी केशवशेटांचाही तोच. मचव्यांचे तांडेल बातम्या आणत, पण तांडेलाला ज्याने विडी दिली असेल त्याच्या सोयीची बातमी तो आणी.

अशा या बाजारात सर्वांचा विश्वास असलेली एकच वस्तू होती : धोंडबाची पायली. लाकडाची, काठाला पितळेची पट्टी मारलेली. शेतकरी म्हणे माप सपाट धर, व्यापारी म्हणे वर शीग लाव. आणि धोंडबा काठावरून लाकडी पट्टी अशी फिरवी की दोघेही गप्प बसत. खाली दाणा सांडू देत नसे. सांडलाच, तर माप थांबवून तो वेचून पायलीत टाकी, मग ओहोटी लागलेली असो की तांडेल शिव्या देत असो. मापणावळ म्हणून खंडीमागे जी मूठ त्याला मिळे ती तो कमरेच्या पिशवीत टाकी. स्वतः मात्र नाचणीची भाकरी खाई. जन्मभर तांदळात बसलेला हा मनुष्य भात खात नाही, याची कारणे बाजाराने आपसांत ठरवून टाकली होती : कोणी म्हणे विटला, कोणी म्हणे घरात कणग्या भरून ठेवतो. विचारले मात्र कोणी नाही. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

धोंडबा बोलत नसे, ही आमची खरी अडचण होती. कोणाचा किती माल आला, कोण किती उचलणार, हे सारे त्याच्या हातांखालून जाई, परंतु भावाविषयी विचारले की तो म्हणे, "मी कशाला बोलू? माप बोलतंय." इतकेच. त्यामुळे जे तो बोलत नसे ते त्याच्या अंगावरून वाचण्याची विद्या महाडात फोफावली. त्याने तंबाखू डावीकडे थुंकली तर मंदी, उजवीकडे थुंकली तर तेजी. एका नारळी पौर्णिमेला त्याने नेहमीच्या 'लाभ' नारळाऐवजी दोन नारळ घेतले, तर दिवे लागण्यापूर्वी बाजारातला नारळ संपला. (पहिला नारळ नासका निघाला होता.) एकदा दाढ सुजली म्हणून त्याने तोंडाला फडके बांधले. तो हसू लपवतो आहे, असे केशवशेटांनी ताडले आणि दोन मचवे रिकामे परत पाठवले. नव्या वहाणा घालण्याची तर त्या बिचाऱ्याची सोय उरली नव्हती. चार पावले जास्त टाकली की मागे दोन दलाल लागत.

आता तुडीलच्या तेजीकडे येतो.

वैशाखाचा शेवटचा पंधरवडा होता. पाऊस लागला की बंदर बंद, मचवे शाकारून किनाऱ्यावर. म्हणजे ज्याच्या वखारीत माल आहे त्याने आत्ताच विकायचा, नाहीतर दिवाळीपर्यंत उंदरांना घालायचा. रंगूनची बोट आली की नाही हे कळत नव्हते. सारा बाजार कान टवकारून बसला होता, आणि अशा दिवशी सकाळी मी बंदराच्या धक्क्यावर उभा असताना धोंडबा खाली आला. धुतलेले धोतर, डोक्याला कोरे मुंडासे, एका खांद्यावर पिशवी आणि काखेत फडक्यात गुंडाळलेली पायली. पायलीचा काठ फडक्यातून दिसत होता. तो खाडीकाठच्या तुडील गावच्या होडीत बसला आणि ओहोटीबरोबर निघून गेला.

मी पानवाल्याकडे गेलो आणि सहज म्हणालो, "धोंडबा पायली घेऊन तुडीलला गेला."

मी एवढेच म्हणालो. हे विधान अक्षरशः खरे होते. त्यात मी काना-मात्रेचीही भर घातली नाही, हे मी आजही कोणत्याही देवळात सांगेन. पुढे काय झाले त्याला माझा इलाज नव्हता. पानवाल्याने ते वाक्य चुन्याबरोबर पुढच्या गिऱ्हाइकाला दिले. मापारी पायली घेऊन गेला, म्हणजे मोजायला गेला. मोजायला गेला, म्हणजे सौदा झाला. गावात कोणाचा सौदा नाही, म्हणजे बाहेरच्याचा झाला. बाहेरचा आत्ता घेतो आहे, म्हणजे त्याला रंगूनचे काही कळले आहे. तासाभराने माझा दिवाणजी धापा टाकीत आला आणि कानाशी लागून म्हणाला की, रंगूनची बोट बुडाली असून मुंबईच्या एका पेढीने तुडीलपासून दासगावपर्यंतचे सगळे भात गुपचूप उचलले आहे.

मी विचारले, बातमी पक्की कशावरून?

तो म्हणाला, "धोंडबा स्वतः पायली घेऊन गेला आहे. पाहणाऱ्याने पाहिले आहे."

पाहणारा मी होतो. आणि तरीही, वाचकहो, माझा त्यावर विश्वास बसला. माझ्याच तोंडून निघालेले वाक्य बाजार फिरून आले तेव्हा ते इतके धष्टपुष्ट झाले होते की मी त्याला ओळखलेच नाही. मी वहाणा घातल्या आणि निघालो.

होडी मिळाली नाही. साऱ्या होड्या गेलेल्या होत्या. मी पायवाटेने गेलो. त्या वाटेला माझ्यापुढे धूळ उडत होती आणि मागेही. तुडीलच्या वेशीवर आंब्याखाली केशवशेट भेटले. कुलदैवताचा नवस फेडायला आलो, म्हणाले. हातात नारळ नव्हता. मी म्हणालो, मी आंबे पाहायला आलो आहे. गवताच्या उडवीमागून आणखी दोन व्यापारी निघाले. त्यांच्यापैकी एकाची गाय म्हणे हरवली होती. महाडात ज्याची गाय नव्हती तो मनुष्य तुडीलला हरवलेली गाय शोधत होता. आम्ही एकमेकांना रामराम केला आणि चारी दिशांना पांगलो.

गावकरी हे पाहत होते. बाराच्या उन्हात महाडचे चार शेट पळत येतात याचा अर्थ त्यांना समजायला पंचांग लागले नाही. जे भात काल ते आमच्या पाया पडून विकत होते, ते आज नव्हतेच. कणग्यांवर शेणाचे पोतेरे फिरले, पोती गोठ्यात गेली, वर पेंढा पडला. एका म्हातारीला केशवशेटांनी भात आहे का म्हणून विचारले, तर ती म्हणाली, "भात? पेजेला दाना नाय, बाबा." तिच्यामागे कणगी पोट सुटलेल्या सावकारासारखी उभी होती. झाले. भात लपवतात म्हणजे भात नाही, भात नाही म्हणजे बातमी खरी. केशवशेटांनी भाव चढवला. म्हातारीने कणगी आणखी झाकली. तेव्हा त्यांनी पुन्हा चढवला.

मी मात्र धोंडबाला शोधत होतो. जिथे पायली तिथे सौदा, असा माझा सरळ विचार. गावाच्या टोकाला लक्ष्मण नावाच्या एका कुणब्याचे दोन खणांचे घर होते, तिथे मला ते कोरे मुंडासे दिसले. मी कुडाच्या आड उभा राहिलो.

अंगणात सात-आठ माणसे होती. वाजंत्री नव्हती, मांडव नव्हता. हिरव्या लुगड्यातली एक बाई दारासमोर उभी होती. पोलादपूरच्या वरच्या वाडीची ही काशी. तिचा पहिला नवरा मुंबईला गोदीत कामाला असताना गेला. आदल्या दिवशी लक्ष्मणाशी तिचा पाट लागला होता, आणि आज ती घरात येत होती. आमच्या बाजूला पाट, म्हणजे विधवेचे दुसरे लग्न, लागे, त्याला बंदी नव्हती. परंतु पाटाच्या बाईला नवरीचा मान नव्हता. तिने मागच्या दाराने, बोलाचाली न करता घरात शिरायचे. उंबऱ्यावर तांदळाचे माप ठेवायचे ते पहिल्या लग्नाच्या नवरीसाठी, म्हणजे नव्या कोऱ्या सुनेसाठी. पायाने ते लवंडून लक्ष्मीसारखे आत येण्याचा अधिकार विधवेला कोणी दिलेला नव्हता. भावकीला कळते तर लक्ष्मणाचे घर वाळीत पडते.

धोंडबाने पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर पायली ठेवली. खांद्यावरची पिशवी सोडली. मूठमूठ साठवलेला तो तांदूळ त्याने पायलीत ओतला, वर पट्टी फिरवली नाही. शीग लावली, चांगली टेकडीएवढी. मग बाजूला सरून म्हणाला, "हां गो बाय. येऊ दे."

काशीने अंगठा लावला. पायली हलली नाही. भरली पायली म्हणजे काही चंबू नव्हे. ती मागे सरू लागली आणि तिने मागच्या दाराकडे पाहिले. धोंडबा म्हणाला, "भिऊ नुको. टाच लाव. माज्या पायलीला कुनी घाबरायचं नाय."

तिने टाच लावली. पायली लवंडली आणि तांदूळ घरभर पसरला, थेट चुलीपर्यंत गेला. बाजारात एका दाण्यासाठी मचवा थांबवणारा तो मनुष्य सांडलेल्या पायलीकडे पाहत उभा राहिला आणि एकही दाणा वेचायला वाकला नाही. "आता तूच गोळा कर आनि पयला भात लाव," असे तिला म्हणाला, आणि वळला, तेव्हा कुडाच्या फटीत त्याला मी दिसलो.

तो घाबरला नाही. म्हणाला, "धाकलं शेट, आलाव तर अक्षदा टाका."

मी आत गेलो आणि अक्षता टाकल्या. बाहेर येताना तो हळूच म्हणाला, "बाजारात बोलायचं नाय. पोरीचं घर हाय." मी मान हलवली.

आता गंमत पाहा. मी वचनाला जागून तोंड मिटून वेशीवर आलो. तिथे बाकीचे तिघे माझ्या तोंडाकडे पाहत होते. धाकला शेट गप्प आहे, म्हणजे त्याचा सौदा झाला! आणि त्याच्या मुंडाशाला अक्षता चिकटल्या आहेत, म्हणजे मुहूर्ताचा सौदा झाला! तिघेही उलटे फिरले, गावात घुसले आणि म्हातारीने सांगितलेल्या भावाने कणगी घेऊन आले. तुडीलच्या तेजीचा कळस तो हाच. खोटे बोलून भाव चढवलेले पुष्कळ पाहिले; एक शब्द न बोलता भाव चढवणारा व्यापारी मीच.

तिसऱ्या दिवशी मचवा आला. रंगूनची बोट बुडाली नव्हती. एक सोडून दोन आल्या होत्या. भाव असा बसला की उठायचे नाव घेईना.

मूर्खपणा आपला झाला, असे म्हणणारा व्यापारी अजून जन्माला यायचा आहे. मारुतीच्या देवळात सकाळी पंच बसले, केशवशेट मधोमध. धोंडबाला बोलावले. आरोप असा की, मचवेवाल्यांशी संगनमत करून त्याने पायली मिरवली आणि बाजाराला नादी लावले. शिक्षा ठरलेली होती : पायली काढून घ्यायची. इतर कोणाची पायली काढली तर त्याचे काम जाते. धोंडबाचे तर बोलणेच तिच्यात होते.

केशवशेटांनी विचारले, तुडीलला कशाला गेला होतास?

"मापाचं काम व्हतं."

"कोणाचे माप?"

धोंडबाने पायली पोटाशी धरली.

"लाच किती घेतलीस?"

या प्रश्नाला तो 'लाभ' म्हणतो की काय, अशी मला एक क्षण भीती वाटली. तो म्हणाला, "मी कशाला बोलू?" आणि पुढचे वाक्य त्याने सोडून दिले. पुढे वाकून त्याने पायली पंचांसमोर ठेवली.

मी अर्धा उठलो. एक वाक्य, आणि सारा आरोप कोसळला असता. धोंडबाने माझ्याकडे पाहिले नाही. फक्त पायलीच्या काठावरून बोट फिरवले, शीग उतरवताना पट्टी फिरवावी तसे. मी खाली बसलो. स्मरणिकेत लिहिणाऱ्या नातवाला मी कशाकशात खोटे पाडले आहे, तेव्हा माझ्याविषयीही खरे तेच लिहिले पाहिजे : मी बसलो त्यात त्याच्या बोटाचा वाटा अर्धाच होता. 'पायली पाहिली हे प्रथम कोण बोलला,' असा प्रश्न पंचांत निघाला तर, ही धास्ती उरलेल्या अर्ध्यात होती.

पायली केशवशेटांच्या मेव्हण्याला, गोविंदाला मिळाली. आता न्यायाची गोष्ट सांगतो : गोविंदाचे माप खरे होते. मी स्वतः पारखले. दाण्याचाही फरक नव्हता. आणि तरीही बाजार बंद पडला.

पोलादपूरकडच्या गाड्या बंदरावर येत, गाडीवान विचारी, "धोंडबा कुठं हाय?" नाही म्हटले की बैल उलटे जुंपी. जे थांबले त्यांनी प्रत्येक पोते तीनदा मोजायला लावले. कोणी घरून तपेली आणली, कोणी टोपली. एकाने तर सासऱ्याला आणले, आणि सासऱ्याने जावयाचेच माप खोटे ठरवले. शेतकरी गोविंदाच्या हाताकडे पाहत, आम्ही शेतकऱ्याच्या हाताकडे, आणि ओहोटी आपल्या वेळेला निघून जाई. भरलेले, अर्धे भरलेले, रिकामे मचवे चिखलात आडवे झाले. नैर्ऋत्येला ढग दिसू लागले. तुडीलचे महाग भात केशवशेटांच्या वखारीत तसेच पडून होते.

डोंगरावरच्या राघू नावाच्या एका म्हाताऱ्या गाडीवानाला मी विचारले, अरे, गोविंदाचे माप खरे आहे, मग अडते कुठे? तो म्हणाला, "मला काय ठावं. घरची म्हनतेय, धोंडबा नाय तर गाडी खाली करू नुको. समद्यांच्याच घरच्या म्हनतायत."

तेव्हा मला उलगडा झाला. काशी पहिली नव्हती. ही पायली वाडीवाडीला जाऊन आली होती, आणि साऱ्या डोंगरभर बायकांना ते माहीत होते. पुरुषांना ठाऊक असूनही माहीत नव्हते. भावकीचा कारभार असाच चालतो. आणि आम्ही शहाणे बंदरावर बसून त्याच्या थुंकीची दिशा पाहत होतो.

नवव्या दिवशी भर दुपारी महाडच्या बाजाराने जे दृश्य पाहिले त्याचा उल्लेख नातवाच्या लेखात नाही. केशवशेट स्वतः, घामाघूम, डोक्यावर पायली घेऊन धोंडबाच्या घराकडे चालले होते. मागे सारा बाजार. कोणी हसले नाही, कारण हसणाऱ्याचाही माल अडकला होता. धोंडबा दारात नाचणी निवडत बसला होता. केशवशेटांनी पायली पुढे ठेवली. उपरण्याने घाम पुसला. अखेर म्हणाले, "धोंडबा, झाले ते झाले. चल."

धोंडबाने पायली उचलली, आत नाक घातले आणि म्हणाला, "हिच्यात कांदं कुनी ठेवलं?"

गोविंदाच्या बायकोने ठेवले होते. धोंडबाने पायली राखेने घासली, उन्हात पालथी घातली, वाळेपर्यंत आम्हां सर्वांना ताटकळत उभे केले आणि मग काखेत मारून बंदरावर आला. पहिले माप भरले, पट्टी फिरवली. "लाभ," तो म्हणाला, आणि चिखलातला पहिला मचवा हलला. पावसाच्या आदल्या भरतीपर्यंत सारे बंदर रिकामे झाले. माझेही भात गेले; कोणत्या भावाने, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही.

लाच खाल्लेल्या माणसासाठी गाड्या परत फिरत नाहीत, हे केशवशेटांच्या नातवाने समजून घ्यावे. आणि मास्तरांना सांगावेसे वाटते की, असा अर्धवट मनुष्य पुन्हा मिळाला तर पूर्ण माणसांचा आख्खा बाजार त्याच्यासाठी द्यायला मी तयार आहे. काशी व लक्ष्मण आता नाहीत. त्यांची भावकी मुंबईला चाळींत विखुरली आहे, वाळीत टाकायला तिला वेळ नाही. म्हणून वचन मोडतो.

त्या घटनेनंतर पाच-सहा वर्षांनी, श्रावणात, बंदर बंद असताना आम्ही दोघे धक्क्यावर बसलो होतो. धोंडबा थकला होता. तू भात का खात नाहीस, असे मी प्रथमच विचारले. विचारण्यात किती सोपेपणा असतो ते तेव्हा कळले. तो लगेच बोलू लागला, जणू कोणी विचारील म्हणून वाटच पाहत होता.

त्याची बायको पाटाची होती. त्याच्या आईने तिला मागच्या दाराने घरात घेतले. तेव्हा तो तरुण होता, आईपुढे बोलला नाही. पुढच्या ओटीवर हीच पायली होती, आणि बायको गोठ्यातून, शेणावरून, वाकून आत आली. नऊ वर्षे नांदली. कधी एका शब्दाने बोलली नाही. तांदूळ निवडायला बसली की मात्र उंबऱ्याकडे पाठ करून बसे. मग तापाने गेली.

मी विषय बदलावा म्हणून विचारले की, आजवर किती जणींच्या दारात माप ठेवलेस.

त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. लाभ तुर्भ्याची, दोन कापड्याची, तीन वरच्या वाडीची. काशीचे बोट आले तेव्हा थोडा हसला. दोन्ही हातांची बोटे संपली, तो पुन्हा पहिल्यावर आला. शेवटी थांबला, आणि भरतीचे गढूळ पाणी पायऱ्या चढत होते तिकडे पाहत राहिला.

"सतरा झाल्या," तो म्हणाला. "एक राहिली."